गोव्यात छापलेला ग्रंथ युरोपभर कसा पसरला: गार्सिया द ओर्ताचं प्रकरण

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापून पूर्ण झालं. विषय होता हिंदुस्थानातली औषधं, मसाले आणि फळं. लेखक गार्सिया द ओर्ता हा गोव्यात जवळजवळ तीस वर्षं काढलेला वैद्य. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, त्या मजकुराचं लॅटिन रूप अँटवर्पमध्ये निघालं आणि पुढची चाळीस वर्षं ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं. मूळ पोर्तुगीज ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघायला मात्र १८७२ साल उजाडलं.

नवी माहिती दूरच्या मुलखातून युरोपात कशी पोचत असे याचा अभ्यास करताना मला हे प्रकरण सगळ्यांत बोलकं वाटतं. यात प्रत्येक वळणावर कोणीतरी एक निर्णय घेतला आहे, आणि त्या निर्णयाचा फायदा आणि किंमत दोन्ही दिसतात.

पार्श्वभूमी

भूमध्य समुद्र आणि आपला पश्चिम किनारा यांचा व्यापार ओर्ताच्या आधी दीड हजार वर्षांचा. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या माहितीपुस्तकात भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आजही ओळखू येतात. केरळातून मिरी जहाजं भरभरून जात असे. रोमन लेखक प्लिनी तर तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो.

पण पोत्यातून मिरी जाते, मिरीचा वेल जात नाही. मिरीचं झाड जुनिपर या सूचिपर्णी झाडासारखं दिसतं, असं प्लिनीने लिहून ठेवलं. त्याच शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याची समजूत अशी, की पिंपळी हे मिरीच्याच झाडाचं सुरुवातीचं फळ. त्याच्याही पाचेकशे वर्षं आधी हेरोडोटसने दालचिनीच्या काड्यांनी घरटी बांधणाऱ्या मोठ्या पाखरांची गोष्ट सांगितली होती. माल हातोहात पुढे जात होता. झाड पाहिलेला माणूस आणि ग्रंथ लिहिणारा माणूस यांच्यामध्ये मात्र पाच-सहा व्यापारी उभे होते, आणि मालाचं मूळ ठिकाण सांगण्यात त्यांतल्या कोणाचाच लाभ नव्हता.

डायोस्कोरिडीसला इथे नावं ठेवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की बहुतेक वनस्पती आपण स्वतः पाहिल्या आणि बाकीच्यांबद्दल त्या त्या भागातल्या लोकांना विचारून खात्री करून घेतली. पद्धत चोख होती. हिंदुस्थानातल्या वस्तूंपुरती ती वापरण्याची सोय त्याला नव्हती, एवढंच. पुढे त्याचे पाच भाग नकलले गेले, नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आले, १४९९ मध्ये व्हेनिसला मूळ ग्रीकमध्ये छापले गेले आणि सोळाव्या शतकात त्यावर मोठमोठी भाष्यं लिहिली गेली. या प्रवासात त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकून लिहिलेलं यांतला फरक पुसला गेला. दोन्हींना सारखाच मान मिळाला.

आता ओर्ता. त्याचा जन्म १५०० च्या आसपास पोर्तुगालच्या कास्तेलो द व्हिद या गावी झाला. घराणं मूळचं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथे त्याचं शिक्षण झालं, काही काळ त्याने लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलं आणि १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा या पोर्तुगीज सेनानीच्या ताफ्यातून तो गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करत असे, आणि त्या दरबारात अरबी वैद्यक शिकलेल्या हकिमांशी त्याच्या चर्चा चालत. १५५४ च्या सुमारास त्याला मुंबई बेट पट्ट्याने मिळालं. तिथल्या आपल्या एका आंब्याला मे महिन्यात आणि नाताळात असा दोनदा बहर येतो, असं त्याने मोठ्या कौतुकाने नोंदवलं आहे.

अडचण

ओर्तासमोरची अडचण एका उदाहरणाने सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यात सामावलं आहे.

बांबूच्या पेरात साठणारा पांढरट खडा आपल्याकडे वंशलोचन म्हणून ओळखला जातो. अरबी-फारसी वैद्यकात तो ‘तबाशीर’, तापावरचं नावाजलेलं औषध. इब्न सिना या नामांकित वैद्याचा अरबी ग्रंथ बाराव्या शतकात तोलेदो शहरात लॅटिनमध्ये आला, तेव्हा ‘तबाशीर’च्या जागी ‘स्पोडियम’ हा शब्द बसला. ग्रीक ग्रंथांतलं स्पोडियम म्हणजे धातू वितळवण्याच्या भट्टीतली राख. म्हणजे ग्रंथ प्रमाण मानून चालणारा युरोपातला वैद्य बांबूतल्या खड्याऐवजी भलतीच वस्तू रोग्याला देणार. ग्रीक, अरबी आणि लॅटिन या तिन्ही परंपरा आपापल्या जागी विद्वत्तेने भरलेल्या होत्या. चूक त्यांच्या सांध्यात शिरली होती, आणि ती पकडायला बांबूच्या बेटाजवळ राहणारा, तिन्हींशी परिचय असलेला माणूस लागणार होता.

ओर्ता तसा माणूस होता. तबाशीर म्हणजे ‘सकर मम्बुम’, बांबूची साखर, हे त्याने खुलासेवार लिहिलं आणि ग्रीकांचं स्पोडियम वेगळं हेही दाखवलं. पिंपळी आणि मिरी या दोन निराळ्या वनस्पती, हेही त्याने स्पष्ट केलं. पण हे कळणं आणि पॅरिस-पादुआच्या वैद्याला ते पटणं यांत सहा महिन्यांचा समुद्र आणि दीड हजार वर्षांचा दरारा होता.

पहिला निर्णय: भाषा

अर्पणपत्रिकेत ओर्ता सांगतो, की हा मजकूर त्याने आधी लॅटिनमध्ये रचला होता आणि मग तो पोर्तुगीजमध्ये आणला. म्हणजे दोन्ही पर्याय त्याच्या टेबलावर हजर होते.

लॅटिन निवडली असती तर युरोपातल्या कुठल्याही विद्यापीठातला वैद्य पुस्तक थेट वाचू शकला असता. पोर्तुगीज निवडली तर गोवा, कोचीन, मलाक्का इथले वैद्य, औषधविक्रे, व्यापारी आणि अधिकारी वाचू शकणार होते, ज्यांना रोज खरी वस्तू आणि नकली वस्तू यांतला फरक ओळखावा लागत असे. त्याने जवळच्या वाचकाला पसंती दिली.

मला हा निर्णय योग्य वाटतो. बाजारात ज्याची फसवणूक होते त्याला आधी माहिती मिळावी, हे वैद्याला शोभणारं होतं. पण लॅटिन हस्तलिखिताचं पुढे काय करायचं, याचा विचार झालेला दिसत नाही. त्याबद्दल शेवटी.

दुसरा निर्णय: गेलनच्या विरुद्ध बोलायचं कसं

गेलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, युरोपातल्या वैद्यांना त्याचा शब्द प्रमाण. ओर्ताने ग्रंथ संवादरूपात लिहिला. सालामांकात शिकलेला डॉक्टर रुआनो नुकताच गोव्यात उतरला आहे. त्याला ग्रंथ तोंडपाठ. तो विचारतो, ओर्ता उत्तर देतो. रुआनो काल्पनिक आहे, पण त्याचं शिक्षण ओर्ताच्याच विद्यापीठांतलं. तीस वर्षांपूर्वीचा ओर्ता आजच्या ओर्ताला प्रश्न विचारतो आहे, असं वाचताना सतत जाणवतं.

या रचनेमुळे एक अवघड काम सोपं झालं. प्राचीन मत आधी पूर्ण मानाने मांडता येतं, मग त्यावर शंका घेता येते, आणि वाचक रुआनोबरोबर एकेक पायरी खाली उतरतो. एका ठिकाणी ओर्ता म्हणतो, की डायोस्कोरिडीस आणि गेलन यांची भीती मला घालू नका, मी फक्त खरं आणि मला ठाऊक असलेलं सांगणार. दुसरीकडे तो मोकळेपणाने कबूल करतो, की स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीकांविरुद्ध बोलण्याचं धाडस मला झालं नसतं.

हे दुसरं वाक्य मी कितीदा तरी वाचलं आहे. नवा विचार सुचायला वस्तू समोर असावी लागते हे खरं, पण तो उच्चारायला गुरुजनांपासून थोडं अंतरही लागतं. गोव्याने ओर्ताला दोन्ही दिलं. मात्र ज्या अंतराने त्याला बोलतं केलं, तेच अंतर त्याचं बोलणं युरोपात पोचू देत नव्हतं.

संवादरूपाचा आणखी एक फायदा म्हणजे माहिती देणारी माणसं पानावर येतात. मालूपा नावाचा हिंदू वैद्य येऊन बोलतो. ओर्ताच्या घरातली गुलाम स्त्री अंतोनिया झाडं-फळं आणून दाखवते. कानडी, दख्खनी, गुजराती, मलबारी असा भेद करून तो वस्तूंची नावं देतो. फणसाला ‘पणज’ म्हणतात, अशी नोंद सापडते. कॉलऱ्याच्या साथीचं त्याचं वर्णन युरोपीय लेखकाने केलेलं त्या रोगाचं सुरुवातीचं नीट वर्णन मानलं जातं. त्यात त्याने इथलं नाव दिलं आहे ‘मोर्शी’, म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगिजांच्या तोंडी तिचं ‘मोर्देशी’ झालं आणि पुढे फ्रेंचांनी त्यातून ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण, असा शब्द बनवला. घरातला एक साधा शब्द तीन भाषांत फिरला आणि वाटेत त्याचा अर्थच बदलला.

ओर्ताच्याही चुका आहेत. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, काळ्या-पांढऱ्या द्राक्षांसारखी, असं तो म्हणतो. खरं तर पिकलेल्या मिरीची साल काढली की पांढरी मिरी होते. डोळ्यांनी पाहणाराही सगळंच पाहत नाही.

तिसरा निर्णय: कुठे छापायचं

गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला होता. कसबी कामगार थोडे, सामग्री अपुरी. दुसरा पर्याय हस्तलिखित लिस्बनला पाठवण्याचा. ताफा वर्षातून एकदा निघे. पत्राचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं लागत, जहाज बुडण्याचा धोका वेगळाच. मुद्रितं तपासणं लेखकाला अशक्य झालं असतं.

ओर्ताने गोवा निवडलं. मुद्रक होता जोआनेस द एंडेम. पुस्तकात छपाईच्या चुका भरपूर राहिल्या आणि शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. चित्रं नव्हती. सुरुवातीला लुईस द कामोइंश या कवीची एक कविता आहे, ती त्याची छापलेली पहिली कविता मानतात.

मुखपृष्ठावरची एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. ग्रंथ तपासून संमत केल्याची नोंद तिथे आहे, आणि संमती देणारा गृहस्थ गोव्याच्या धर्मन्यायालयाचा (इन्क्विझिशनचा) न्यायाधीश. हे न्यायालय १५६० मध्येच सुरू झालं होतं. नव-ख्रिस्ती घराण्यातल्या ओर्तासाठी ही संमती ढाल होती. ती किती काळ टिकणार, हे त्या वेळी कोणाला सांगता आलं नसतं.

चौथा निर्णय: क्लूसियसची कात्री

एप्रिल १५६३ मध्ये छापलेल्या प्रती त्या वर्षीच्या ताफ्यात जाणं शक्य नव्हतं, जहाजं जानेवारीच्या सुमारास निघून जात. पुढच्या जानेवारीत निघालेल्या प्रती १५६४ च्या मध्याला लिस्बनला लागल्या असतील. त्यानंतर काही महिन्यांतच, १५६४-६५ च्या हिवाळ्यात, शार्ल द लेक्लूझ हा अभ्यासक पोर्तुगालमध्ये होता. लॅटिन जगात तो क्लूसियस. आऊग्सबुर्गच्या फुगर या धनाढ्य सावकार घराण्यातल्या एका तरुणाबरोबर तो स्पेन-पोर्तुगालचा प्रवास करत होता, वाटेत वनस्पती गोळा करत होता. त्याच्या हाती हे पुस्तक लागलं.

इथे योग जुळला खरा, पण त्याला नुसतं नशीब म्हणता येणार नाही. माँपेलिएला वैद्यक शिकलेला, अनेक भाषा जाणणारा, प्रकाशकाशी घसट असलेला माणूस जिथे नवा माल उतरतो त्या बंदरात फिरत होता. असं पुस्तक अशाच माणसाच्या हाती लागायला हवं होतं.

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या. शब्दशः भाषांतर, निवडक उतारे, किंवा पूर्ण फेररचना. त्याने फेररचना केली. संवाद मोडला, विषयांतरं काढली, दरबारातल्या गोष्टी आणि राजकारण गाळलं, एकेका वस्तूवर आटोपशीर प्रकरण केलं, क्रम बदलला. स्वतःची मतं त्याने मूळ मजकुरात मिसळली नाहीत, टिपा म्हणून वेगळी ठेवली. अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लांतँ या मुद्रकाने ते लहान आकारात, काही लाकडी ठशांच्या चित्रांसह काढलं. अँटवर्प हे मसाल्याच्या व्यापाराचं मोठं शहर, आणि प्लांतँची पुस्तकं फ्रांकफुर्टच्या जत्रेतून जर्मन मुलखात, इटलीत, फ्रान्समध्ये जात. म्हणजे ज्या वाटांनी मिरी जाई, जवळजवळ त्याच वाटांनी आता मिरीची माहिती जाऊ लागली. प्राचीन काळी हेच घडलं नव्हतं.

रुआनो मात्र नाहीसा झाला. संवादच उरला नाही, तेव्हा अंतोनिया आणि मालूपा ही पात्रंही त्याच्याबरोबर गेली.

निष्पत्ती

लॅटिन आवृत्त्या १५७४, १५७९, १५९३ मध्ये निघाल्या. १६०५ मध्ये क्लूसियसने आपल्या मोठ्या संग्रहात ओर्ताला पुन्हा स्थान दिलं, शेजारी अमेरिकेतल्या औषधांवर लिहिणारा सेव्हियाचा वैद्य मोनार्देस आणि क्रिस्तोबाल आकोस्ता. इटालियन भाषांतर १५७६ मध्ये, फ्रेंच १६०२ मध्ये आलं, आणि दोन्ही क्लूसियसच्या लॅटिनवरून. आकोस्ता हा हिंदुस्थानात येऊन गेलेला वैद्य. त्याने १५७८ मध्ये बुर्गोसला स्वतःचं पुस्तक काढलं, ओर्तावर बराच विसंबून, पण झाडांची चित्रं घालून. सतराव्या शतकात बटाव्हियातला (आजच्या जकार्तातला) डच वैद्य बोंटियस ओर्ताच्या विधानांवर दुरुस्त्या लिहू लागला. ओर्ताने डायोस्कोरिडीसशी जे केलं तेच आता ओर्ताशी होत होतं. वैद्याला याहून मोठा मान नाही, असं मला मनापासून वाटतं.

घराची गोष्ट फार वेगळी. ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायालयाने पकडलं आणि १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळलं. नातेवाइकांच्या जबान्यांत ओर्ताही मनाने ज्यूच होता असं आलं. डिसेंबर १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून काढून जाळण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी अँटवर्पमध्ये त्याच्या नावाने तिसरी आवृत्ती निघाली होती. गोव्यातल्या मूळ छपाईच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत. त्यांतली क्लूसियसच्या हस्ताक्षरातल्या टिपांची प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट लॅटिन हस्तलिखिताची. त्याची एक नक्कल ताफ्याबरोबर एखाद्या विश्वासू वैद्याकडे पाठवायला हरकत नव्हती. पण यावर माझंच मन पुरतं ठरत नाही. गेलनच्या विरोधात बोलणारा, नव-ख्रिस्ती घराण्यातल्या माणसाचा लॅटिन ग्रंथ लिस्बनमध्ये कोणी छापला असता का? आणि छापला असता, तर इथल्या औषधविक्र्यासाठी ओर्ता पुन्हा पोर्तुगीजकडे वळला असता का? आधी पोर्तुगीज, मग परक्या हातची लॅटिन, हा क्रम ठरवून घडला नाही, तरी त्याने दोन्ही वाचकांचं भलं केलं.

दुसरी गोष्ट चित्रांची, आणि इथे मला शंका नाही. ओर्ताकडे पैसा होता, बाग होती, झाडं दारात होती आणि हिंदुस्थानात चित्रकारांची वाण नव्हती. लाकडी ठसे गोव्यात कोरता आले नसते तर हाताने काढलेली चित्रंच सोबत पाठवायची होती. अँटवर्पच्या चित्रकारांसमोर व्यापाऱ्यांकडून येणारी वाळलेली फळं, बिया आणि साली होत्या. पंधरा वर्षांनी आकोस्ताने जी उणीव काही अंशी भरून काढली, ती आधीच भरता आली असती. शब्दांची गल्लत सुधारायला निघालेल्या ग्रंथाने फक्त शब्दांवर भिस्त ठेवावी, ही मला ओर्ताची सर्वांत मोठी चूक वाटते.

तिसरी गोष्ट क्लूसियसची. संवाद मोडला नसता तर पुस्तक इतकं पसरलं नसतं, हे मान्य. धावपळीतल्या वैद्याला हवी ती वस्तू लगेच सापडायला हवी. पण हे कोणी सांगितलं, हे लिहिण्याची सोय त्याने स्वतःच तयार केली होती. आपलं मत आणि ओर्ताचं मत तो काटेकोरपणे वेगळं ठेवत होता. तीच शिस्त आणखी एक पायरी मागे नेऊन ओर्ताचं मत आणि मालूपाचं मत वेगळं ठेवायला प्रकरणागणिक एखादी ओळ पुरली असती. डायोस्कोरिडीसच्या नकलाकारांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतला फरक पुसला, त्याचे परिणाम क्लूसियसला रोज दिसत होते.

मूळ ग्रंथ पूर्ण इंग्रजीत यायला १९१३ उजाडलं. ज्यांना तो मिळेल त्यांनी मोडशीच्या संवादापासून सुरुवात करावी. मध्येच एक नोकर धावत येतो, मालक एकाएकी आजारी पडला म्हणतो, आणि ओर्ता रुआनोला बरोबर घेऊन निघतो. इथले वैद्य या रोगात काय करतात, हेही तो रुआनोला सांगतो: मिरी आणि जिरं घालून तांदळाची पेज पाजतात.